दलाल नक्की कोणाचा?

वलवणच्या धरणालगत जुना बंगला घ्यायला निघालेल्या मुंबईकराच्या सह्या मोजायला बसलो तर दमायला होईल. टोकनची पावती, साठेखत, बँकेचे कर्जपत्र, खरेदीखत, लोणावळा नगर परिषदेत घरपट्टीवर नाव लावण्याचा अर्ज, वीजमीटरचा अर्ज. यात एकच कागद नसतो. ज्याच्या गाडीत बसून चार बंगले पाहिले, ज्याच्या तोंडून मालकाशी बोलणी केली आणि ज्याला शेवटी लाखांत पैसे मोजायचे, त्या एजंटाशी झालेला करार. ‘दोन टक्के, दोन्हीकडून’ एवढेच ठरते, तेही गाडीत चढता-उतरता. हा कागद आधी व्हायला हवा असे माझे म्हणणे आहे, कारण बाकीच्या कागदांवर जो भाव लिहिला जातो तो या न झालेल्या करारातून ठरतो.

दोन कोटींचा बंगला धरा. दोन टक्क्यांनी मालकाकडून चार लाख, घेणाऱ्याकडून चार लाख. एजंटाने दहा लाख उतरवून दिले तर त्याचे बुडतात चाळीस हजार. म्हणजे निदान तो आड येणार नाही. पण जागेच्या बाजारात दुसरीही रीत आहे. मालक सांगतो, ‘मला एक ऐंशी सुटले पाहिजेत, वरचे तुझे.’ गिऱ्हाइकाला भाव सांगितला जातो दोन कोटी. आता उतरवलेला प्रत्येक रुपया एजंटाच्याच खिशातून जाणार, आणि तरीही ‘साहेब, तुमच्यासाठी भांडतो’ या बोलीवर घेणाऱ्याकडून दोन टक्के यायचेच असतात. एजंट लबाडच असतो असे नाही. मालकाला दिलेला शब्द त्याने चोख पाळलेला असतो. तो कोणाचा माणूस, हे मात्र घेणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. 1872 च्या करार कायद्यात यावर उपाय आहे. ज्याने नेमले त्याला अंधारात ठेवून एजंटाने तोच व्यवहार स्वतःसाठी केला, तर त्यातला फायदा नेमणाऱ्याला मागता येतो (कलम 216), आणि कामात गैरवर्तन केले तर त्या कामाचा मेहनताना बुडतो (कलम 220). पण ही कलमे लावायला आधी ‘हा माझा एजंट होता’ हे दाखवावे लागते. तोंडी नेमणूकही कायद्याला चालते. पुराव्याला मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘ओके सर’ एवढेच उरते.

मग महारेरा कशाला आहे, असे कोणी विचारील. 2016 च्या कायद्याने एजंटाला नोंदणी सक्तीची केली, न केल्यास रोज दहा हजार आणि वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला. 2023 मध्ये महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. चांगलेच झाले. पण ही सक्ती नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीपुरती आहे. तीस वर्षांपूर्वीचा बंगला मालक विकतो तेव्हा ती तिथवर पोचत नाही, आणि वलवण-तुंगार्लीत असे बंगले थोडे नाहीत. नव्या प्रकल्पात दलाली बहुधा बिल्डरच देतो, तेव्हा तिथे एजंट कोणाचा हे निदान उघड असते.

‘इथे सगळे शब्दावर चालते, कागद मागितला की एजंट बिथरतो’ हा आक्षेप जास्त वजनाचा. पण शब्दावर चालण्यात एजंटही कमी मार खात नाहीत. आज बंगला दाखवला, पुढच्या रविवारी गिऱ्हाईक परस्पर मालकाच्या दारात. त्यात साखळी असते: बंगल्याच्या माळ्याने खबर दिली, गावातल्याने दाखवला, पुण्याच्याने गिऱ्हाईक आणले, आणि व्यवहार झाल्यावर तिघेही हात पुढे करतात. कागद असेल तर घेणाऱ्याला एकालाच देणे लागते. पुढची वाटणी त्यांची त्यांनी करावी. अमेरिकेत 17 ऑगस्ट 2024 पासून घर दाखवण्याआधी असा लेखी करार करणे तिथल्या रिअल्टर संघटनेच्या तडजोडीमुळे भाग पडले. तिथली तक्रार उलटी होती, घेणाऱ्याच्या एजंटाचे पैसेही विकणाऱ्याच्या माथी पडत. त्यातून दलालीचा आकडा आधी लिहिण्याची शिस्त घ्यावी. महिनोन्‌महिने एकाच एजंटाला बांधून घेणारी अट मात्र इथे नको. शनिवारी येऊन तीन एजंटांबरोबर फिरणाऱ्याला ती परवडणार नाही. एका बंगल्यापुरती एक चिठ्ठी पुरे: कोणता बंगला, कोणत्या तारखेला दाखवला, मालकाकडून काय मिळणार, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा दाखवला की नाही.

खरी ओढाताण होते ती दलाली केव्हा द्यायची यावर. वेगळे काही ठरले नसेल तर काम पुरे झाल्याशिवाय मेहनताना देणे लागत नाही, असे कलम 219 सांगते. पण काम पुरे कशाने झाले? एजंटाच्या मते टोकन दिले की झाले. घेणाऱ्याच्या मते दुय्यम निबंधकाकडे खरेदीखताला अंगठे उमटले की. मधल्या दोन-तीन महिन्यांतच सर्च रिपोर्ट येतो, एखाद्या बहिणीचे नाव फेरफारात राहून गेलेले निघते, बँक कर्ज नाकारते. व्यवहार मोडतो, आणि टोकनच्या दिवशी दिलेली दलाली परत मागायला कोणत्या तोंडाने जायचे ते कळत नाही. अर्धी साठेखताला, अर्धी खरेदीखताला, आणि मालकीत खोट निघाली तर घेतलेली परत, एवढ्या तीन ओळी लिहिल्या तर त्या सर्च रिपोर्टची वाट एजंटही घेणाऱ्याइतक्याच उत्सुकतेने पाहील.