नवख्यांना घेऊन डोंगरात जाताना

डोंगरात जायची टूम निघते ती बहुधा चहाच्या टपरीवर. कुणीतरी मोबाइलवर धुक्यातला एखादा कडा दाखवतो, चार जण 'आपणही जाऊ या की' म्हणतात, तारीखही ठरते. मग ज्याने पूर्वी पाच-पंचवीस किल्ले पाहिले आहेत, त्याच्या गळ्यात पुढारपणाची माळ पडते. आमच्या तळवड्यात गेली काही वर्षे ही माळ माझ्या गळ्यात आहे.

तळवडे म्हणजे एका अंगाला आयटी पार्क, दुसऱ्या अंगाला लघुउद्योगांच्या शेड आणि नदीपलीकडे भंडाऱ्याचा डोंगर. दिवसभर यंत्रापुढे किंवा पडद्यापुढे बसणाऱ्या माणसाला खिडकीतून डोंगर दिसत असला, की त्याला तिकडे जावेसे वाटणारच. त्यात वावगे काही नाही. परंतु एका सकाळची टेकडी आणि तीन दिवसांची डोंगरयात्रा यांत मोठे अंतर आहे. टेकडीवर दमलेला माणूस घरी येऊन झोपतो. डोंगरयात्रेत त्याला दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी पुन्हा चालायचे असते.

या खेपेला आम्ही आठ जण होतो. मी आणि माझा एक जुना डोंगरमित्र सोडल्यास बाकी सहा नवखे. स्टोअरमधले दोघे, आमच्याच इमारतीतले एक जोडपे, आयटी पार्कातला एक तरुण आणि मशीन शॉपमधले, निवृत्तीला आलेले आमचे काका.

आधी ऋतू, मग तारीख

पहिला वाद तारखेवरून झाला. तरुण मंडळींना जुलैच हवा होता. धबधबे, हिरवळ, ढग! मावळात पावसाळा सुंदर असतो हे कोण नाकारील? पण ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल कोसळला आणि चौघांचा जीव गेला. कुंडमळा आमच्यापासून दूर नाही; त्याच नदीचे पाणी आमच्या शिवाराजवळून वाहते. दोन्ही दिवस रविवार होते आणि दोन्ही ठिकाणी माणसे सहलीला आलेली होती. ओढ्याचे पाणी घाटमाथ्यावरच्या पावसाने वाढते. आपल्या डोक्यावर ऊन असले, तरी वर काय चालले आहे ते खाली कळत नाही. मी स्पष्ट सांगितले, 'डिसेंबर. नाहीतर दुसरा कुणी पुढारी बघा.' दोन दिवस अबोला झाला. मग सगळे कबूल झाले.

वाट निवडताना

नवख्यांसाठी वाट निवडताना मी एकच गोष्ट आधी पाहतो. रोज दुपारपर्यंत माघार घेता येईल अशी जागा वाटेवर आहे का? राजगड-तोरणा ही धार डोळ्यांचे पारणे फेडते, पण मधल्या टप्प्यात कुणाचा पाय मुरगळला तर त्याला उचलूनच खाली आणावे लागते. म्हणून आम्ही लोहगड आणि राजमाची ठरवली. देहूरोडहून लोकल, मळवलीला उतरून भाज्यामार्गे लोहगड आणि पायथ्याच्या लोहगडवाडीत मुक्काम. दुसऱ्या दिवशी गाडीने लोणावळा आणि तेथून तुंगार्लीवरून चालत उधेवाडी. तिसऱ्या दिवशी श्रीवर्धन बालेकिल्ला पाहून कोंढाण्याच्या लेण्यांवरून कोकणात उतरायचे आणि कर्जत गाठायचे. पहिले दोन्ही दिवस लोणावळ्याची लोकल हाताशी राहते. कर्जतहून पुण्याकडे येणाऱ्या गाड्या मात्र मोजक्याच. त्यांच्या वेळा आधीच वहीत उतरवून घेतल्या. किल्ल्यांवरच्या मुक्कामाचे नियम बदलत असतात, म्हणून दोन्ही रात्री गावातच काढायच्या असे ठरले. गावात भाकरी मिळते, अंगण मिळते आणि अडचण आली तर वाट जाणणारा माणूसही मिळतो.

राजमाचीच्या माचीवर गो. नी. दांडेकरांची 'माचीवरला बुधा' ही कादंबरी घडते. गोनीदा शेजारच्या तळेगावचे. काकांनी ती कादंबरी तरुणपणी वाचली होती. त्यांच्या हट्टाचे मूळ तेच, हे मला मागाहून कळले.

चालण्याचा हिशेब मांडायला नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा ठोकताळा अजून उपयोगी पडतो. सपाटीवर तासाला ५ किलोमीटर आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला एक तास जादा. लोणावळा ते उधेवाडी सुमारे १६ किलोमीटर, म्हणजे सव्वातीन तास. पण हा हिशेब सराईत माणसाचा. नवख्यांसाठी मी तो सरळ दुप्पट करतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी आठला निघालो, तर तीनपर्यंत पोचायला हवे आणि तीन तासांचा उजेड हाती उरायला हवा. आम्हाला पावणेसात तास लागले.

खरे कुणी सांगत नाही

'कुणाला काही त्रास आहे का?' असे चारचौघांत विचारले, तर उत्तर एकच, 'छे, छे, आपण फिट!' म्हणून मी प्रत्येकाला वेगळे गाठून विचारतो. काकांना कंपनीच्या गेटबाहेर विचारले, तेव्हा ते थोडे थांबले आणि म्हणाले, 'इन्सुलिन घेतो. पण कुणाला सांगू नका. नाहीतर मला नेणार नाहीत.'

त्यांना नेऊ नये असे मलाही क्षणभर वाटले. मग म्हटले, हा निर्णय माझा नव्हे, डॉक्टरांचा. काका डॉक्टरांकडे गेले. चालण्याने रक्तातली साखर उतरते, म्हणून डोस आणि खाण्याच्या वेळा डॉक्टरांनी लिहून दिल्या. माझी अट एकच होती, ही गोष्ट आणखी दोघांना ठाऊक असली पाहिजे. हात थरथरणे, घाम फुटणे, एकदम चिडचिड होणे ही साखर उतरल्याची लक्षणे त्या दोघांनी पाठ केली आणि ग्लुकोजची पुडी खिशात ठेवली. काकांसाठी दर दोन तासांनी थांबून खायचे ठरले आणि सगळेच खाऊ लागले. त्यामुळे तीन दिवसांत कुणाचीच कणीक ढिली झाली नाही.

सराव आणि ओझे

दोन महिने आधीपासून सराव सुरू केला. गुरुवारच्या सुट्टीत भंडारा, रविवारी घोरवडेश्वराच्या पायऱ्या. शेवटचे चार आठवडे भरलेली पाठपिशवी घेऊन. या सरावात पायांपेक्षा बुटांची परीक्षा होते. स्टोअरमधला एक जण कंपनीचे सेफ्टी शूज घालून आला होता. शॉपमध्ये ते उत्तम, पण उतारावर त्यातली पोलादी टोपी बोटांना अशी लागते, की माणूस रडकुंडीला येतो. कोरे करकरीत बूटही तितकेच वाईट.

पाठपिशवीचे वजन पाण्यासकट सात किलोच्या आत. तीन लिटर पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या, विजेरी, शिट्टी, एक गरम कपडा, दशम्या, गूळ-शेंगदाणे. वहिनींनी दोन किलोंचा चिवड्याचा डबा आणला होता. तो आम्ही देहूरोड स्टेशनावरच अर्धा संपवला!

घरी प्रत्येकाने एक कागद ठेवला होता. कोणत्या दिवशी कुठे, मुक्काम कुणाकडे, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचे. डोंगरात मोबाइलला रेंज असेलच असे नाही. अशा वेळी ११२ हा क्रमांक आणि लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारखी बचाव पथके आहेत. पण त्यांनी शोधायचे कुठे, हे घरच्यांना ठाऊक नसेल तर ती तरी काय करणार?

दिंडीची रीत

चालण्याची शिस्त मात्र आम्ही पुस्तकातून घेतली नाही. ती देहूच्या पालखीतून घेतली. दरसाल हजारो माणसे, त्यांत सत्तरीच्या आजीबाईही, दिवसामागून दिवस चालत पंढरपूर गाठतात. त्यांतल्या कित्येकांनी गिर्यारोहण हा शब्दही ऐकलेला नसतो. त्यांची रीत साधी. चाल सगळ्यांची मिळून एक. विसावा ठरल्या जागी. जड सामान ट्रकमध्ये. आणि आपल्या दिंडीतला माणूस मागे पडला, तर त्याची चौकशी होते.

आम्हीही तसेच केले. पुढे माझा मित्र, त्याच्या मागे सर्वांत सावकाश चालणारा, सर्वांत शेवटी मी. पन्नास मिनिटे चालायचे, दहा मिनिटे थांबायचे. आयटी पार्कातला तरुण पहिल्या दिवशी वैतागला. 'असे रांगत किती वेळ जायचे?' दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच रांगत्या चालीने तो मुकाट चालत होता.

लोहगड उतरताना स्टोअरमधल्या एकाचा घोटा सुजला. सकाळपर्यंत सूज उतरली नव्हती. तो म्हणत होता, 'येतो मी, बांधा पट्टी.' पुढे १६ किलोमीटरची वाट होती. लोणावळा स्टेशनावर त्याच्या मित्राने आपणहून पिशवी उचलली आणि दोघे लोकलने परतले. एकट्याला परत पाठवायचे नाही, असे ठरलेलेच होते. मित्राचीही राजमाची हुकली, पण त्याने तोंड वाकडे केले नाही. वाट निवडताना माघारीची जागा शोधली होती, ती अशी कामी आली.

राहिलेले सहा जण उधेवाडीत पोचलो, तेव्हा पावणेतीन झाले होते. मावशींनी पिठले-भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी पहाटे श्रीवर्धनवर काका सर्वांत शेवटी, माझ्या दोन पावले पुढे, चढून आले. तटावर बसून त्यांनी आधी ठरलेली चिक्की खाल्ली आणि मग खाली माचीवरच्या घरांकडे बराच वेळ पाहत राहिले. कुणी काही बोलले नाही.

कोंढाण्याकडची उतरण गुडघ्यांची परीक्षा पाहते. तिथे काठ्या उपयोगी पडल्या. कर्जतला गाडी अर्धा तास आधी गाठली.

घोटा सुजलेला गडी आता बरा आहे आणि त्याचा मित्रही रोज विचारतो, 'आमची राजमाची कधी?' फेब्रुवारीत या दोघांना नेणार आहे. त्या खेपेला पुढे चालायचे काम आयटी पार्कातल्या त्या तरुणाकडे दिले आहे. तुमच्याही घरात, कचेरीत असा बेत शिजत असेल, तर जरूर जा. फक्त तारीख ठरवण्याआधी प्रत्येकाला एकेकटे गाठून तब्येत विचारा आणि महिना-दोन महिने जवळची टेकडी चढा.