समोरचं दार बंद!

1961 सालचं अमेरिकेतलं लुईव्हिल शहर. केंटकी डर्बी तोंडावर आलेली. ब्राऊन हॉटेलमध्ये रेसिंगवाल्यांची झकास पार्टी. 79 वर्षांचे एक आजोबा मुलीबरोबर तिथे पोचतात, रीतसर आमंत्रण घेऊन. पण दारवान अडवतो. काळ्यांना समोरच्या दारानं एन्ट्री नाही!

हे आजोबा म्हणजे जिमी विंकफिल्ड. हीच डर्बी त्यांनी 1901 आणि 1902 अशी लागोपाठ दोनदा मारली होती.

गंमत म्हणजे, तेव्हा काळे जॉकी ही नवलाई नव्हतीच. पहिल्या 28 डर्बींपैकी 15 त्यांनीच जिंकल्या होत्या. मग पैसा वाढला, ग्लॅमर आलं आणि गोऱ्या जॉकींना ही मंडळी खुपायला लागली. भर रेसमध्ये त्यांचे घोडे कुंपणावर दाबायचे. जायबंदी होण्याची भीती, त्यात मालकांनीही हात आखडता घेतला.

जिमीचंही एक चुकलं. 1903 मध्ये 3,000 डॉलर्ससाठी त्यानं जॉन मॅडन या बड्या मालकाला दिलेला शब्द मोडला. मॅडननं त्याचे रस्तेच बंद केले. बॉसशी पंगा म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

पण पठ्ठ्या रडत बसला नाही. 1904 मध्ये थेट रशिया गाठलं आणि तिथेही चॅम्पियन झाला. क्रांतीनंतर तेही सुटलं. 1919 मध्ये ओडेसाहून दोनशेहून जास्त घोडे हाकत तो आणि त्याचे साथीदार वॉर्साला पोचले. साधारण 1,750 किलोमीटर! पोटासाठी वाटेत काही घोडे मारून खावे लागले. पुढे फ्रान्समध्ये जॉकी, मग ट्रेनर. दुसऱ्या महायुद्धात तबेला जर्मनांच्या ताब्यात गेला, तेव्हा पुन्हा अमेरिका. 1953 मध्ये परत फ्रान्स.

त्या रात्री बऱ्याच हुज्जतीनंतर बापलेकीला आत सोडलं. पण आत फारसं कुणी बोलेना. 1913 चा डर्बीविजेता रॉस्को गूस तेवढा येऊन शेजारी बसला.

1974 मध्ये जिमी फ्रान्समध्येच गेला. रेसिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागायला 2004 उजाडलं. त्याच्यानंतर 2025 पर्यंत एकाही काळ्या अमेरिकन जॉकीनं केंटकी डर्बी जिंकलेली नाही. जिमीला प्रत्येक वेळी दुसरं दार सापडलं. पण ज्यांना सापडलं नाही, त्यांची तर नावंही आपल्याला माहीत नाहीत.