कुत्र्यासह प्रवास आणि मुक्काम

उन्हाळ्याची सुटी लागली, कीं पुण्यामुंबईच्या घरांतून महाबळेश्वर-पांचगणीचे बेत सुरू होतात. अलीकडे या बेतांत एक नवा प्रश्न उभा राहतो : 'कुत्र्याचें काय करावयाचें ?' पूर्वीं हा प्रश्न नव्हता. वाड्यांतलें कुत्रें वाड्यांत राही, आणि घरचीं माणसें परत येईपर्यंत शेजारीपाजारी त्याला भाकरतुकडा घालीत. आतां बिऱ्हाडें बंद दाराचीं झालीं, आणि कुत्रें अंगणांतून थेट दिवाणखान्यांत आलें. तेव्हां तें बरोबर न्यावें लागतें. तें कसें न्यावें व परक्या छपराखालीं कसें ठेवावें, याविषयीं चार अनुभवाचे शब्द सांगणार आहें.

सातारा प्रांतीं कुत्र्याचा सन्मान नवा नाहीं. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली क्षेत्र आहे. तेथें छत्रपति शाहूमहाराजांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची, समाधि दाखवितात. वाघाच्या शिकारींत महाराजांचे प्राण वांचविणाऱ्या कुत्र्याला जहागिरीची सनद व पालखीचा मान मिळाला होता, असें ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत नमूद केलें आहे. त्या कुत्र्याला पालखी मिळाली. आमच्या मोत्याला मात्र साधी खोली मिळण्याची पंचाईत पडली.

त्याचें असें झालें. मोत्या हा माझ्या नातीचा कुत्रा. वजन तीस किलो, स्वभाव गरीब. डोंगरावरच्या एका हॉटेलांत 'कुत्रें चालेल ना ?' असें मुलानें फोनवर विचारलें होतें, व 'चालेल' असें उत्तर आलें होतें. आम्ही रात्रीं नऊ वाजतां पोहोंचलों. व्यवस्थापकांनीं मोत्याकडे पाहिलें आणि ते म्हणाले, "काका, आम्हांला वाटलं लहानसं पिल्लू असेल." ती रात्र माझ्या मुलानें मोत्यासह मोटारींत काढली. मला प्रथम राग आला. परंतु सकाळीं विचार करतां दोष निम्मा आमचाच होता असें दिसून आलें. प्रश्नच अर्धवट विचारला, तर उत्तर पुरें कोठून मिळणार ?

म्हणून पहिली गोष्ट ही, कीं खोली ठरवितांना कुत्र्याची जात, वय, वजन व लस टोंचल्याची तारीख स्पष्ट कळवावी. मग चार प्रश्न विचारावे : कुत्रें आमच्या खोलींत राहील, कीं बाहेर पिंजऱ्यांत ? त्याचें निराळें भाडें किती ? भोजनगृहांत त्याला येऊं देतां काय ? आवाराला कुंपण आहे काय ? आणि या सर्वांचें उत्तर लेखी घ्यावें. आगगाडीनें जाणारांनींहि आधींच चौकशी करावी. वातानुकूलित पहिल्या वर्गांत दोन किंवा चार शय्यांची पूर्ण खोली आपल्या नांवें राखून ठेविली, तरच कुत्रें आपणांजवळ बसतें; एरव्हीं त्याची रवानगी गार्डाच्या डब्यांतील पेटींत होते.

हॉटेलवाल्याची बाजूहि आपण समजून घेतली पाहिजे. आपण उठल्यावर त्याच खोलींत दुसरें कुटुंब उतरणार. त्यांतील एखादें मूल कुत्र्याला भीत असेल, एखाद्या वृद्धाला केसांनीं दमा होत असेल. एका निष्काळजी पाहुण्यामुळें पुढल्या दहा कुत्र्यांना दार बंद होतें. यास्तव कुत्र्याची चादर, ताटली व दोरी घरून न्यावी, त्याची घाण स्वतः उचलावी, आणि त्याला खोलींत एकटें कोंडून फिरावयास जाऊं नये. परक्या जागीं प्रत्येक पावलाची चाहूल त्याला शत्रूची वाटते, आणि तें भुंकूं लागतें. तो त्याचा खोडसाळपणा नसतो; घाबरलेल्या पोराचें तें रडणें असतें.

प्रवासांत उन्हाला जपावें. माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांनाच येतो, आणि शरीर थंड ठेवण्यास तें धापेवरच अवलंबून असतें. उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींतील हवा थोडक्याच मिनिटांत इतकी तापते, कीं धापेचा उपयोग होत नाहीं. 'पांच मिनिटांत चहा घेऊन येतों' म्हणून गेलेल्या धन्याला परत आल्यावर कुत्रें मेलेलें सांपडूं शकतें.

आतां रानाविषयीं. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प झाला. अशा रानांत कुत्रें नेऊं नये. बिबट्याला कुत्रें हें सोपें भक्ष्य असतें, हें एक कारण. परंतु दुसरें कारण अधिक गंभीर आहे. कुत्र्यांतील डिस्टेंपर नांवाचा रोग वन्य श्वापदांना जडतो. २०१८ सालीं गुजरातेंतील गीरच्या रानांत अवघ्या कांहीं आठवड्यांत वीसाहून अधिक सिंह मेले. त्यांतील कित्येकांच्या शरीरांत याच रोगाचे विषाणु आढळले. म्हणून डोंगराच्या गांवीं राहिलों तरी संध्याकाळनंतर कुत्रें दोरीवांचून सोडूं नये.

शेवटीं जी गोष्ट सांगावयाची, ती सांगतांना अजूनहि माझ्या छातींत धडधड होते. साताऱ्याहून आम्ही सांगली जिल्ह्यांत तासगांवकडे एका बागाइतदाराच्या शेतावरील पर्यटनगृहांत उतरलों. कुत्रें पाहून ते गृहस्थ प्रथम जरा कुरकुरले, पण त्यांनीं जागा दिली. संध्याकाळीं त्यांनीं नातीच्या ओंजळींत ताजे बेदाणे घातले, आणि नातीनें प्रेमानें निम्मे मोत्याला चारले. माझी सूनबाई तें पाहतांच किंचाळली. बेदाणा कुत्र्याला विष आहे, हें तिनें वाचलें होतें. इतकीं वर्षें मुलांना शिकविणाऱ्या मला तें ठाऊक नव्हतें! द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होतात. कोणत्या कुत्र्याला किती दाणे बाधतील, याचा नेम नसतो. अलीकडे शास्त्रज्ञांचा संशय द्राक्षांतील टार्टरिक आम्लावर आहे; हें आम्ल चिंचेंतहि असतें.

कुरकुरणाऱ्या त्याच यजमानानें आपली जीप काढली आणि अर्ध्या तासांत आम्हांला पशुवैद्याच्या दारीं नेलें. वैद्यांनीं मोत्याला ओकारीचें औषध दिलें, दोन दिवस शिरेंतून सलाइन चालविलें, व रक्त पुनःपुन्हां तपासलें. मोत्या वांचला. "लक्षणें दिसण्याची वाट पाहत बसलां असतां, तर फार उशीर झाला असता," असें वैद्य म्हणाले. म्हणून मुक्कामाला पोहोंचतांच जवळच्या पशुवैद्याचा पत्ता व फोन लिहून घ्यावा, आणि बेदाणे, चॉकलेट व कांदा-लसूण घातलेलें अन्न कुत्र्यापासून दूर ठेवावें.

श्रोतेहो, सुटीचा बेत आपण करतों. कुत्र्याला कोणी विचारीत नाहीं. तें केवळ आपल्या विश्वासावर मोटारींत उडी मारतें. त्या विश्वासाला आपण जागलों, तर दारावरचा यजमानहि पुढल्या खेपेस आपलें स्वागत करील. त्या बागाइतदारांचें परवांच नातीला पत्र आलें. 'यंदा मोत्याला घेऊन या. बेदाणे मी कुलपांत ठेवतों,' असें त्यांनीं लिहिलें आहे.