विंध्याचं जंगल : भाग 4
एक डोंगर, दोन दिशांचं पाणी

मागच्या भागात भीमबेटक्याच्या चित्रांविषयी लिहिलं होतं. 1957 साली ती चित्रं जगासमोर आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर हे नीमचमध्ये जन्मलेले मराठी माणूस. आगगाडीतून जाताना त्यांना भीमबेटक्याच्या टेकड्यांवरचे प्रचंड खडक दिसले आणि ते शोधत तिथे पोहोचले. त्या टेकड्यांभोवतीच्या रातापानी व्याघ्र प्रकल्पाला डिसेंबर 2024मध्ये त्यांचं नाव मिळालं. आज त्या जंगलाविषयी.

भोपाळच्या बाग सेवनियाहून नर्मदापुरम रस्त्याला लागलं की मिसरोद, मंडीदीप, ओबेदुल्लागंज मागे पडतात आणि लगेच साग सुरू होतो. वाघाचं जंगल राजधानीच्या इतकं जवळ असणं आपल्या देशात विरळाच. 1976 साली हे अभयारण्य झालं. 2008 साली व्याघ्र प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी मिळाली, पण अधिसूचना निघायला 2 डिसेंबर 2024 उजाडलं. गाभा सुमारे 764 चौरस किलोमीटरचा, त्याला लागून सुमारे 508 चौरस किलोमीटरचा बफर. अभयारण्याच्या हद्दीतल्या 9 महसुली गावांना गाभ्यात न घेता बफरमध्ये ठेवलं गेलं. हे योग्यच झालं. पिढ्यान् पिढ्या मोह आणि तेंदूपत्त्यावर जगणाऱ्या माणसांना शत्रू करून कुठलंच जंगल राखता येत नाही.

त्या 9 गावांत झिरी आहे. बेतवा तिथे उगम पावते, उत्तरेला जाऊन यमुनेला मिळते आणि तिचं पाणी अखेर बंगालच्या उपसागरात पोहोचतं. विंध्याच्या याच रांगांतून निघणारी कोलार मात्र नर्मदेकडे उतरते, म्हणजे अरबी समुद्राकडे. कोलारवरच्या धरणातून भोपाळच्या मोठ्या भागाला पाणी मिळतं. शहरातल्या नळाचा आणि त्या डोंगराचा संबंध असा थेट आहे.

इथला खडक म्हणजे विंध्याचा वालुकाश्म. त्याच्या भेगांत पावसाळ्याचं पाणी मुरतं. वर साग, ऐन, धावडा यांच्या पाल्याचा थर असेल तर ते धावत सुटत नाही, जिरायला त्याला वेळ मिळतो. पण हे पानगळीचं जंगल. एप्रिल-मे महिन्यांत साग उघडाबोडका होतो, ओढे कोरडे पडतात आणि पाणी उरतं ते डोहांत. मग सांबर, चितळ, अस्वल आणि त्यांच्या मागोमाग वाघ, सगळ्यांच्या वाटा त्या मोजक्या पाणवठ्यांकडे वळतात. कुठली वाट मोकळी आहे, हा प्रश्न त्या दिवसांत जगण्यामरण्याचा होतो.

आणि नेमकी तीच वाट आपण तोडली आहे. बरखेडा ते बुधनी हा लोहमार्ग जंगलातून घाट उतरतो. भोपाळहून मुंबईला, पुण्याला, नागपूरला जाणारे आपण मराठी लोक बहुतेक याच घाटातून जातो, तेही रात्री झोपेत. बाजूला कापलेला कडा, पुढे वळण. रुळावर आलेल्या जनावराला गाडी उशिरा दिसते आणि बाजूला व्हायला जागाच नसते. जुलै 2024मध्ये याच घाटात मिडघाटजवळ वाघिणीचे तीन बछडे गाडीखाली आले. एक जागीच गेला. उरलेल्या दोघांसाठी एका डब्याची खास गाडी सोडण्यात आली आणि त्यातून त्यांना भोपाळच्या वन विहारात आणलं. काही दिवसांत तेही दगावले. त्यांना वाचवण्यासाठी गाडी सोडणाऱ्यांचं मन मोठंच म्हणायला हवं, पण घाटातल्या गाड्या आधीच हळू गेल्या असत्या तर तिची गरज पडली नसती.

तिसरा लोहमार्ग टाकताना घाटात 5 बोगदे खणले गेले. बोगद्यावरून जनावर निर्धास्त जातं, म्हणून हा भाग मला आशेचा वाटतो. जुन्या मार्गांचं काय, हा प्रश्न उरतोच. तिथे रात्रीचा वेग उतरवणं, धोक्याच्या जागी कुंपण घालून जनावरांना पुलाखालच्या मोऱ्यांकडे वळवणं आणि त्या मोऱ्या साफ ठेवणं, एवढं तरी व्हायला हवं. त्याने आपला प्रवास काही मिनिटांनी लांबेल. तो लांबू द्यावा.

पुढच्या आठवड्यात नर्मदेपलीकडे, सातपुड्यात.