जमीन बघून यंत्र घ्या
पॉवर टिलर, छोटा ट्रॅक्टर, मोठा ट्रॅक्टर की भाड्याची मशागत?



दि. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर व शेती अवजारांवरील जी.एस.टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हापासून आमच्या ऊस विकास विभागाकडे एकच विचारणा वरचेवर होत आहे : "साहेब, ट्रॅक्टर घ्यावा म्हणतोय, कोणता घेऊ?" विचारणाऱ्यांत १० एकरवाले आहेत तसेच ३० गुंठेवालेही आहेत. प्रत्येकाला वेगळे सांगत बसण्यापेक्षा सर्वांसाठी येथे सविस्तर लिहीत आहोत.

कोणती कंपनी चांगली हे आम्ही सांगणार नाही. तो प्रश्न शेवटचा. त्याच्या आधी चार प्रश्न आहेत : जमीन किती, तुकडा केवढा व कसा, सरी किती फुटांची आणि वर्षाला काम किती तासांचे. या चारांची उत्तरे कागदावर मांडली की यंत्र आपोआप ठरते. बरेच जण मात्र उलटे करतात. पाडव्याला किंवा दसऱ्याला यंत्र दारात येते, हार घातला जातो आणि हिशोब पहिला हप्ता आल्यावर सुरू होतो. हप्ता उसाच्या बिलातून जातो आणि बोजा सातबाऱ्यावर चढतो. म्हणून हिशोब आधी.

१. आपली जमीन सारखी नाही

शाहूवाडी तालुक्यात कडवी, वारणा, कासारीच्या काठाला सपाट मळीची रानं आहेत. बांबवडे, सरूड बाजूला त्यातल्या त्यात मोठे तुकडे मिळतात. मलकापूरच्या वर आंब्याकडे सरकले की तांबडी जमीन, जोराचा पाऊस आणि उतारावर टप्पे पाडून केलेली रानं लागतात. एकाच सभासदाचे २ एकर पाच ठिकाणी असतात. कुठे १० गुंठे, कुठे १५ गुंठे आणि मध्ये दुसऱ्याचा बांध. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे ३.३ एकर जमीन आहे. आपल्याकडे बऱ्याच घरांत हिशोब अजूनही गुंठ्यांतच चालतो. तेव्हा सपाट प्रदेशातल्या मोठ्या बागाइतदाराने घेतलेले यंत्र बघून आपण ते घ्यायचे म्हटले तर जमणार नाही.

२. तुकडा किती गुंठ्यांचा, आणि कसा?

३५ ते ४५ अश्वशक्तीच्या मोठ्या ट्रॅक्टरला मागच्या अवजारासह वळायला दोन्ही टोकांना साधारण १५-१५ फूट जागा लागते, म्हणजे मिळून ३० फूट. आता १० गुंठ्यांचाच तुकडा घ्या.

तुकडा चौरस, १०४ फूट बाय १०४ फूट असेल तर वळायला जाणारी जागा होते जवळजवळ २.९ गुंठे.

तोच तुकडा ६६ फूट बाय १६५ फूट असेल तर लांबीच्या बाजूने चालवल्यास सुमारे १.८ गुंठे जागा जाते.

३३ फूट बाय ३३० फूट असा लांब पट्टा असेल तर फक्त ०.९ गुंठा.

नांगरटीच्या वेळी ही वळणाची जागा शेवटी आडवी नांगरून घेता येते. पण उभ्या उसात भरणी करायची तर ती जागा मोकळीच ठेवावी लागते, नाहीतर ऊस तुडवला जातो. एकरी ४० टन उतारा धरला तर गुंठ्याला १ टन ऊस झाला. चौरस तुकड्यात मोठ्या ट्रॅक्टरने भरणी करायची म्हणून आपण जवळजवळ ३ टन ऊस सोडून देतो. पॉवर टिलर ६-७ फुटांत वळतो, आणि पॉवर वीडर तर बांधाला टेकून फिरवता येतो.

तेव्हा पहिले काम हे करा : प्रत्येक तुकड्याची लांबी-रुंदी टेप धरून मोजा. सातबाऱ्यावरचे क्षेत्र सांगते किती आहे, पण कसे आहे ते सांगत नाही. शिवाय तुकड्यापर्यंत वाट आहे का, तेही बघा. दुसऱ्याच्या उभ्या पिकातून वाट असेल तर यंत्र घरी असूनही वेळेला रानात जाणार नाही.

३. सरी किती फुटांची?

आम्ही एक साधे माप सांगतो. यंत्राची बाहेरची रुंदी मोजा आणि दोन्ही बाजूंना निदान सहा-सहा इंच मोकळे धरा. म्हणजे ३ फूट रुंदीच्या छोट्या ट्रॅक्टरला निदान ४ फुटांची सरी हवी. ५ फुटांची असेल तर उत्तमच. २ ते अडीच फूट रुंदीचा टिलर साडेतीन फुटांच्या सरीत चालतो. ३ फुटांच्या सरीत दीड-पावणेदोन फुटांचा पॉवर वीडर किंवा बैलाचे औत, याशिवाय दुसरे काही चालत नाही.

अनेक सभासद अजून ३ फुटांची सरी सोडतात आणि आंतरमशागतीसाठी छोटा ट्रॅक्टर बघायला जातात. त्यांनी आधी सरी रुंद करावी, मग यंत्र बघावे. रुंद सरीत उसाला हवा व ऊन मिळते, पाचट ठेवायला जागा होते आणि भरणीला मातीही पुरते.

४. वजन आणि ओल

४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अवजाराशिवाय २ टनांच्या आसपास भरतो. छोटा ट्रॅक्टर ७०० ते ९०० किलोच्या घरात आणि पॉवर टिलर ४०० ते ५०० किलोंचा. मळीच्या ओल्या जमिनीत मोठे चाक फिरले की खाली कठीण थर बसतो. मग पाणी मुरत नाही आणि खोडव्याची मुळी खाली जात नाही. आपल्याकडे पाऊस उशिरापर्यंत चालतो, त्यामुळे १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी लागणीच्या घाईत ओल्यातच ट्रॅक्टर घालण्याचा मोह होतो. तो टाळावा. मुठीत माती दाबून बघा. गोळा होऊन फुटत नसेल तर दोन दिवस थांबा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. टिलरचा रोटर ५-६ इंचांच्या खाली फारसा जात नाही. उसाला खोल नांगरट लागते, आणि ती मोठ्या ट्रॅक्टरच्या पल्टी नांगरानेच नीट होते. पण ही नांगरट लागणीच्या वेळी एकदाच असते. एक-दोन खोडवे घेतले की दोन-तीन वर्षे तिची गरज नाही. तेवढ्या कामासाठी भाड्याचा ट्रॅक्टर आणावा हेच शहाणपण.

५. वर्षाला किती तास?

हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कृपया पेन्सिल घेऊन वाचावा.

ट्रॅक्टरचे आयुष्य हिशोबासाठी साधारण १० वर्षे व १०,००० तास धरतात, म्हणजे वर्षाला १,००० तास. आता आपले काम बघा. नांगरट, रोटर, सरी सोडणे, भरणी ही सगळी कामे मोठ्या ट्रॅक्टरने केली असे धरले तरी आमच्या अंदाजाने लागणीच्या उसाला एकरी १० ते १२ तास लागतात. २ एकरवाल्याचे काम झाले २५ तासांचे. बाकीचे ९७५ तास ट्रॅक्टर काय करणार?

किंमत आपण उदाहरणादाखल ७ लाख रुपये मानू. १० वर्षांनी १० टक्के किंमत येईल असे धरले तर दर वर्षी घसारा ६३,००० रुपये. सरासरी गुंतलेल्या ३ लाख ८५ हजारांवर १० टक्क्यांनी व्याज ३८,५०० रुपये. विमा, शेड, किरकोळ दुरुस्ती मिळून २०,००० रुपये धरा. एकूण १,२१,५०० रुपये. हा खर्च ट्रॅक्टर हलला नाही तरी होतो. डिझेल आणि ड्रायव्हर वेगळे.

वर्षाला २५ तास काम : तासाला ४,८६० रुपये.
१०० तास, म्हणजे ८ एकरवाला : तासाला १,२१५ रुपये.
५०० तास : तासाला २४३ रुपये.

याच रीतीने ४ लाखांचा छोटा ट्रॅक्टर धरला तर वर्षाचा बसून खर्च ७०,००० रुपयांच्या आसपास येतो. ५ एकरांत तो ९० ते १०० तास चालला तर तासाला ७०० ते ७८० रुपये. २ लाखांच्या टिलरचा बसून खर्च ३५,००० रुपये. एकट्याच्या २ एकरांत तो ५० तास चालला तर तासाला ७०० रुपये. तोच तिघांनी मिळून ६ एकरांत १५० तास चालवला तर २३३ रुपये.

किमती आम्ही मानून घेतल्या आहेत. तुम्ही दुकानातला खरा आकडा घालावा, आणि नांगर, रोटर, ट्रॉलीची किंमत त्यात मिळवायला विसरू नये. मग आपल्या गावचा भाड्याचा तासाचा दर शेजारी लिहावा. भाड्याच्या दरात डिझेल व ड्रायव्हर आलेला असतो, हे लक्षात ठेवून दोन्ही आकडे तोलावेत.

६. मग कोणी काय घ्यावे?

१ एकरापर्यंत : नांगरट व सरी भाड्याने. भांगलणीसाठी लहान पॉवर वीडर, तोही शक्यतो भागीत. घरची बैलजोडी असेल तर ती मोडू नका. शेणखत मिळते आणि अरुंद टप्प्यात औत फिरते.

१ ते ३ एकर : खोल नांगरट भाड्याने. बाकीच्या कामाला पॉवर टिलर, पण दोन-तीन घरांत मिळून.

३ ते ८ एकर : तुकडे लांब असतील, वाट असेल आणि सरी ४ फुटांच्या वर असेल तर १५ ते २५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तर टिलरच बरा.

८ एकरांच्या वर : ३५ ते ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, तोसुद्धा बाहेरचे ३००-४०० तासांचे काम हातात असेल तरच.

हंगामात ऊस वाहतूक करून हप्ते फेडू, असे काही जण म्हणतात. वाहतूक हा वेगळा धंदा आहे. त्याला ट्रॉल्या, ड्रायव्हर, तोडणी टोळी आणि टोळीला द्यायची उचल लागते. टोळी आली नाही तर उचल अडकते आणि हप्ता मात्र थांबत नाही. ज्याला तो धंदा करायचा आहे त्याने जरूर करावा, पण आपल्या ३ एकरांच्या मशागतीच्या नावाखाली त्यात शिरू नये.

७. पैऱ्याची जुनी रीत

आपल्या भागात पैरा नवीन नाही. एकाचा बैल, दुसऱ्याचा बैल मिळून जोडी व्हायची आणि दोन्ही घरांची नांगरट उरकायची. टिलरचेही तसे करता येते. मात्र पहिल्या दिवशी वहीत तीन गोष्टी लिहून सह्या कराव्यात : कोणाची पाळी कधी, दुरुस्तीचा खर्च तासांप्रमाणे की सारखा, आणि एकाला बाहेर पडायचे झाले तर त्याचा हिस्सा कसा परत करायचा. यंत्र कोणी किती तास वापरले हे त्याच वहीत रोज लिहावे. भाऊबंदांत यंत्रावरून होणारी भांडणे बहुधा न लिहिलेल्या गोष्टींवरून होतात.

८. घेण्यापूर्वी

अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक हवा. कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानात साधारण ४० ते ५० टक्के, तेही ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत अनुदान मिळते. पूर्वसंमतीपत्र हातात येण्यापूर्वी यंत्र खरेदी करू नये. आधी घेतले तर अनुदान मिळत नाही.

दुकानदाराला सांगून आपल्याच रानात, आपल्याच सरीत यंत्र चालवून बघावे. दुकानापुढच्या डांबरी रस्त्यावर सगळीच यंत्रे चांगली चालतात. सुटे भाग मलकापूर, बांबवड्यात मिळतात की कोल्हापूरला पळावे लागते, हेही विचारावे. टिलर घरातला जो माणूस चालवणार त्याच्याच हातात देऊन बघावा. २ फुटी रोटरने १ एकर करायला सुमारे साडेसहा किलोमीटर चालावे लागते. साठीच्या माणसाला ते झेपेलच असे नाही. मागे बसायची सीट जोडता येते का ते पाहावे.

उताराच्या रानात ट्रॅक्टर आडवा चालवू नये. मडगार्डवर पोरांना बसवू नये. चालू रोटरमध्ये अडकलेले पाचट हाताने काढू नये, आधी इंजिन बंद करावे. धोतर, साडीचा पदर, गळ्यातला टॉवेल फिरत्या भागांपासून लांब ठेवावा.

ज्या सभासदांना वरील हिशोब मांडताना अडचण येईल त्यांनी तुकड्यांची मापे, सरीचे अंतर व गावचा भाड्याचा दर लिहून आपल्या गट ऑफिसमध्ये शेती मदतनीसांकडे यावे. सौदा ठरण्यापूर्वी यावे, ही विनंती.