वादळाने वाट बदलली, तरी धान वाचवता येते

दिवाळीच्या मागेपुढे वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी या भागांतील बांध्या पिवळ्या झालेल्या असतात. हलक्या धानाची कापणी सुरू असते आणि भारी धानाच्या लोंब्या भरत आलेल्या असतात. कापलेल्या धानाच्या कडपा दोन-चार दिवस बांधीतच वाळत पडतात. चार महिन्यांची मेहनत अशी उघड्यावर असताना नेमकी बातमी येते की, बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठले आहे.

समुद्र इथून फार लांब, आपल्याला त्याचे काय, असे अनेकांना वाटते. पण वडशाहून विशाखापट्टण सरळ रेषेत पाचशे किलोमीटरांच्या आतच आहे. तिथे धडकलेल्या वादळाचा जोर ओसरला, तरी त्यातला पाऊस दीड-दोन दिवसांत आपल्याकडे येऊ शकतो. 28 ऑक्टोबर 2025 च्या रात्री 'मोंथा' वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर नरसापूरजवळ जमिनीवर आले. पुढे त्याचा उरलेला भाग तेलंगणातून पूर्व विदर्भाच्या आणि छत्तीसगडच्या दिशेने सरकला. ऐन कापणीच्या दिवसांत धान उत्पादकांच्या तोंडचे पाणी पळाले.

म्हणून बातमीत वादळ कुठल्या किनाऱ्यावर धडकणार एवढेच ऐकून भागत नाही. किनारा ओलांडल्यावर ते कुठे वळणार, हा आपला खरा प्रश्न आहे.

वादळ वाट का बदलते?

वैनगंगेच्या धारेत पळसाचा द्रोण सोडून पाहा. तो स्वतःभोवती फिरतो आणि धारेबरोबर पुढेही जातो. वादळाचे तसेच असते. ते स्वतःभोवती गरगरते. पण पुढे कुठे जायचे हे आभाळात उंचावर वाहणारे वारे ठरवतात. वरची धार जोरदार असेल तर वादळाची वाट बरीचशी आधी सांगता येते. धार मंद असेल, किंवा दोन बाजूंचे वारे एकमेकांना अडवत असतील, तर डोहातल्या द्रोणासारखे ते रेंगाळते आणि कुठेही वळते.

जून 2019 मधील 'वायू' वादळाचे असेच झाले. ते गुजरातच्या किनाऱ्यावर वेरावळ-पोरबंदर भागात येईल असा अंदाज होता. सुमारे तीन लाख लोकांना सुरक्षित जागी हलवले गेले. पण 13 जूनच्या सुमारास वादळ पश्चिमेकडे वळले आणि समुद्रातच घुटमळत राहिले.

कधी वाट बरोबर असते, पण जोर चुकतो. वादळात कोरडी हवा शिरली, किंवा वरचे आणि खालचे वारे वेगवेगळ्या दिशांनी ओढू लागले, की त्याची घडी मोडते. नोव्हेंबर 2013 मधील 'लेहर' समुद्रात अतितीव्र झाले होते. 28 तारखेला मछलीपट्टणजवळ पोचेपर्यंत त्याचा नुसता कमी दाबाचा पट्टा उरला होता.

किनाऱ्यानंतरची दोन टोके

विशाखापट्टण आणि कलिंगपट्टण ही गावे एकमेकांपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर आहेत. 12 ऑक्टोबर 2014 ला 'हुडहुड' विशाखापट्टणला धडकले. त्याचा उरलेला भाग छत्तीसगडमार्गे उत्तरेकडे गेला आणि नेपाळच्या डोंगरांत अवेळी बर्फ कोसळून चाळीसहून अधिक माणसे दगावली. 26 सप्टेंबर 2021 ला 'गुलाब' कलिंगपट्टणजवळ आले. ते मात्र पश्चिमेकडे निघाले. मराठवाड्यात अतिवृष्टी करून पुढे अरबी समुद्रात उतरले आणि तिथे पुन्हा बळ धरून, 'शाहीन' या नव्या नावाने, 3 ऑक्टोबरला ओमानला जाऊन धडकले.

शेजारच्या दोन दारांतून आत आलेले हे पाहुणे! एक हिमालयात गेला, दुसरा आखातात. आपला पूर्व विदर्भ या दोन्ही वाटांच्या मधल्या पट्ट्यात येतो.

अंदाज कसा ऐकावा?

हवामान खात्याचे अंदाज आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले आहेत. तरीही एक दिवस आधी सांगितलेली वादळाच्या केंद्राची जागा सरासरी 70 ते 80 किलोमीटर चुकते. तीन दिवस आधीच्या अंदाजात ही चूक साधारण दीडशे किलोमीटरांपर्यंत जाते. वडशाहून गडचिरोली सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर, तर नागपूर आणि चंद्रपूर शंभरेक किलोमीटर आहेत. म्हणजे वादळ गडचिरोलीवरून जाईल असे तीन दिवस आधी ऐकले, तरी ते वडशावरून किंवा नागपूरवरूनही जाऊ शकते. म्हणूनच नकाशावर वादळाच्या रेषेभोवती पुढे रुंद होत जाणारा पट्टा दाखवतात. रेषेपेक्षा त्या पट्ट्याकडे पाहावे. आपले गाव पट्ट्यात असेल तर तयारीला लागावे.

कालचा अंदाज आज धरून बसू नये. वादळाच्या काळात माहितीपत्रके दिवसातून अनेकदा बदलतात. आकाशवाणीवर किंवा 'मौसम' ॲपवर सकाळ-संध्याकाळ ताजी माहिती घ्यावी. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार इशारे देते. त्यात गडचिरोली जिल्ह्याचा रंग कोणता आहे ते पाहावे. नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कामाला लागा. वादळ किनाऱ्यावर ओसरले ही बातमी आली, तरी पुढचे दोन दिवस कान उघडे ठेवावेत.

बांधीत काय करावे?

धान अजून उभे असेल आणि पावसाचा इशारा असेल, तर कापणी तीन-चार दिवस थांबवावी. कापून पसरलेल्या धानापेक्षा उभे धान कमी नासते. बांधीचे पाणी बाहेर जाईल अशा वाटा मोकळ्या कराव्यात.

कापलेल्या कडपा पुरेशा वाळल्या असतील तर भारे बांधून उंच जागी पुंजणे रचावेत. खाली तणस अंथरून वरून ताडपत्री बांधावी. ओल्या कडपांचे पुंजणे घालू नयेत. आत ऊब धरून दाण्याला कोंब फुटतात. पाऊस थांबताच कडपा बांधावर काढून उलटवाव्यात.

भिजलेले धान घाईने विकायला नेऊ नये. आधारभूत खरेदीत 17 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. दाणा काळा पडला किंवा ओल जास्त भरली, तर केंद्रावरून गाडी परत येते आणि व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. नुकसान झालेच, तर शेत आवरण्याआधी पंचनाम्यासाठी कळवावे.

एखादे वेळी पुंजणे झाकले आणि पाऊस आलाच नाही, असेही होईल. घरातली माणसे म्हणतील, उगाच एक दिवस मोडला. पण मोडला तो एकच दिवस. पुढच्या इशाऱ्यालाही ताडपत्री तितक्याच तत्परतेने काढावी.