आश्रयासाठी पुरावा कोण शोधतं? घरबसल्या रिसर्च करणाऱ्यांची गोष्ट

लोकलच्या गर्दीत ज्यांना एपिसोड नीट ऐकू आला नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना मी तीन वेळा तेच तेच सांगितलं होतं, ते काढून टाकलंय. बाकी मजकूर तोच.

आजचा विषय असायलम, म्हणजे आश्रय. पण सीमेवरच्या तारा आणि बोटींबद्दल बोलायचं नाहीये. त्यानंतर काय होतं, यावर बोलायचंय.

समजा एक माणूस जीव वाचवून दुसऱ्या देशात पोहोचला. तिथे त्याला सिद्ध करायचंय की परत गेलो तर धोका आहे. आता सांगा, त्याच्याकडे पुरावा काय असणार? कोठडीत मारल्याची पावती कुणी देतं का? धमकी देणारा लेटरहेडवर सहीशिक्क्यासह धमकी देतो का?

१९५१ चा जिनिव्हा इथला निर्वासितांविषयीचा करार म्हणतो की वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या सामाजिक गटाचा सदस्य असणं किंवा राजकीय मत, या पाचपैकी कारणामुळे छळाची रास्त भीती असेल, तर तो माणूस निर्वासित. यातला ‘रास्त’ हा शब्द महत्त्वाचा. नुसती भीती चालत नाही, तिला बाहेर आधार लागतो. तो आधार किती हवा? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८७ साली कार्डोझा-फोन्सेका खटल्यात सांगितलं की छळाची शक्यता दहात एक असली तरी भीती रास्त असू शकते. म्हणजे अट तशी कमी आहे. पण ती कमी अट पूर्ण करायलाही कागद लागतात.

म्हणून केसचे दोन भाग पडतात. एक म्हणजे त्या माणसाची स्वतःची हकीकत. दुसरा म्हणजे त्याच्या देशात खरंच काय चाललंय, याची माहिती. या दुसऱ्या भागाला या क्षेत्रात सीओआय म्हणतात, म्हणजे मूळ देशाची माहिती. ब्रिटनचं गृहखातं अशा नोट्स स्वतः काढतं, युरोपियन युनियनची त्यासाठी माल्टामध्ये एक एजन्सी आहे, नॉर्वेचं लँडइन्फो आहे. सरकारकडे पगारी माणसं आहेत. अर्जदाराच्या वकिलाकडे मात्र वेळ कमी, पैसा कमी, आणि समोर कधी नावही न ऐकलेल्या गावाची केस.

इथे स्वयंसेवक येतात. असायलॉस नावाचं एक नेटवर्क २०१० पासून हेच काम करतंय. वकील प्रश्न पाठवतात, वेगवेगळ्या भाषा येणारे लोक सार्वजनिक स्रोतांमधून माहिती शोधून रिपोर्ट बनवतात, आणि वकिलाकडून पैसे घेत नाहीत. घटनास्थळी कुणी जात नाही. लॅपटॉप, इंटरनेट आणि चिकाटी, बस.

हे काम किती जड आहे ते कळायला इरिट्रियाचं उदाहरण बघा. तिथे सक्तीची राष्ट्रीय सेवा आहे. कागदावर ती १८ महिन्यांची, प्रत्यक्षात अनेकांसाठी तिला शेवटच नाही. त्यातून पळालेले हजारो तरुण युरोपात आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये डेन्मार्कच्या इमिग्रेशन विभागाने एक रिपोर्ट काढला. त्याचा सूर असा, की बेकायदा देश सोडलेल्यांनी माफीपत्रावर सही केली आणि दोन टक्के कर भरला, तर ते परत जाऊ शकतात. त्यात बरेचसे स्रोत निनावी होते. आणि ज्यांचं नाव होतं, त्या लंडनच्या प्राध्यापक गईम किब्रेआब यांनी जाहीर सांगितलं की माझं म्हणणं मोडून-तोडून वापरलंय. ज्या अधिकाऱ्यांनी इरिट्रियाला जाऊन माहिती आणली होती, त्यांच्यापैकी दोघांनी पुढे राजीनामे दिले. डेन्मार्कनेही स्वतःची भूमिका बदलली.

तरीही मार्च २०१५ मध्ये ब्रिटनच्या गृहखात्याने आपल्या नव्या मार्गदर्शनात त्याच रिपोर्टवर भर दिला, आणि इरिट्रियन लोकांचे अर्ज नाकारण्याचं प्रमाण एकदम वाढलं. त्यातले बरेच जण अपिलात जिंकले. शेवटी ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथल्या अप्पर ट्रिब्युनलने सगळा पुरावा तपासून ठरवलं की सेवेच्या वयात बेकायदा बाहेर पडलेल्यांना परत गेल्यास साधारणपणे धोका आहेच. मधल्या दीड वर्षात किती जणांनी नकाराचं पत्र हातात घेऊन दिवस काढले असतील, विचार करा. एका पीडीएफमुळे!

मग चांगला रिसर्च कसा होतो? प्रश्नापासूनच सुरुवात होते. ‘हा देश धोकादायक आहे का’ हा प्रश्न निरुपयोगी. ‘अमुक भागात, अमुक वर्षानंतर, सैन्यातून पळालेल्याच्या आईवडिलांना अटक होते का’ हा प्रश्न चांगला. आणखी एक नेहमी येतो: त्याच देशातल्या दुसऱ्या शहरात हा माणूस सुरक्षित राहू शकेल का?

मग शोध. इथे मला, सॉफ्टवेअरवाला म्हणून, फार मजा वाटते. एकाच अरबी नावाची रोमन लिपीत पाच-सहा स्पेलिंगं असतात, ती सगळी टाकून बघावी लागतात. स्थानिक भाषेत शोधलं की इंग्रजीत कधीच न आलेली बातमी सापडते. सापडली की लिंक लगेच आर्काइव्ह करायची, कारण सुनावणीच्या दिवसापर्यंत ते पान उडालेलं असू शकतं.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे खोटी पुष्टी. तीन रिपोर्ट एकच गोष्ट सांगतात म्हणून आपण खूश होतो, आणि खोदत गेलं की तिघांनीही एकाच जुन्या बातमीवरून उचललेलं असतं. म्हणजे स्रोत तीन नव्हेत, एकच. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर सात ग्रुपमधून आलेला एकच फॉरवर्ड असतो ना, तसंच. म्हणून प्रत्येक वाक्याचं मूळ शोधायचं, मूळ कोणी लिहिलं आणि कधी, ते नोंदवायचं.

दुसरा सापळा शांततेचा. काहीच सापडलं नाही, म्हणजे तसं घडतच नाही असं नाही. समलिंगी स्त्रियांवरच्या अत्याचाराच्या बातम्या एखाद्या देशातून येत नाहीत, कारण तिथे त्या लपून राहतात, आणि तक्रार करायची तर जायचं कुठे? ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये इराण आणि कॅमेरूनच्या दोन पुरुषांच्या केसमध्ये सांगितलं की छळ टाळण्यासाठी लपून राहा, असं अर्जदाराला सांगता येणार नाही. म्हणून रिपोर्टमध्ये काय सापडलं यासोबत कुठे शोधलं आणि काय सापडलं नाही, हेही लिहायचं.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना खटकते: अर्जदाराच्या विरोधात जाणारी माहिती सापडली तर? तीही द्यायची. माझ्या मते हाच या कामाचा कणा आहे. बाजू मांडायला वकील आहे. निवडून निवडून माहिती दिली, तर सरकारी वकील उरलेली माहिती काढून रिपोर्ट बाजूला फेकेल, आणि पुढच्या दहा केसेसमध्येही त्या नावावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

आता आपल्याकडचं. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, आणि आश्रयासाठी वेगळा कायदाही नाही. श्रीलंकेचे तमिळ, तिबेटी यांच्याबाबत सरकार थेट ठरवतं, तर अफगाणिस्तान, म्यानमारहून आलेल्या अनेकांचे अर्ज संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था तपासते. पुण्यात शिकणारे अफगाण विद्यार्थी २०२१ च्या ऑगस्टनंतर कोणत्या काळजीत होते, ते त्यांच्या वर्गमित्रांना विचारा.

कुणाला हे काम करावंसं वाटलं तर: कायद्याची डिग्री असायलाच हवी असं नाही. नीट वाचता यायला हवं, इंग्रजीत स्पष्ट लिहिता यायला हवं, आणि अरबी, फारसी, फ्रेंच, उर्दू अशी एखादी भाषा येत असेल तर फारच उपयोग. केसबद्दल कुठेही पोस्ट टाकायची नाही, आणि त्या देशातल्या कुणाला स्वतःहून मेसेज करायचा नाही, कारण आपल्या एका मेसेजने तिथला माणूस अडकू शकतो. छळाची वर्णनं रोज वाचून त्रास होतो, तेव्हा झेपेल तेवढंच काम घ्या. व्हिएन्नाच्या ॲकॉर्डचं या पद्धतीवरचं ट्रेनिंग मॅन्युअल मोफत मिळतं, सुरुवात तिथून करा.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये घेतो.